टीपकागद कोरडा आहे, भाऊजी

या भाऊजी, असे जवळ येऊन बसा. दाराच्या चौकटीला टेकून, अर्धं लक्ष रस्त्याकडे ठेवून ऐकायची तुमची सवय आज चालणार नाही. बसा आणि आधी मला चार शब्द रागावू द्या. त्या शनिवारी सकाळी फोनवर काय म्हणालात? "वहिनी, उद्या जेवायला येतो. भाकऱ्या करा." मी लगेच कराडहून आणलेला पिठाचा डबा खाली काढला. कलकत्त्याच्या ह्या बेहालात ज्वारीचं चांगलं पीठ मिळत नाही हे तुम्हाला माहीत, तळाशी चार भाकऱ्यांपुरतं उरलेलं, तेही माहीत. आणि तुम्ही शनिवारी दुपारीच निघून गेलात. गिऱ्हाइकाच्या दारात सांगितल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी उभे राहणारे तुम्ही, तुमच्या वहिनीचाच रविवार तेवढा चुकवलात. असं करतात का?

तुमच्या दुकानातला निमाई सांगत होता, खुर्चीत बसलात, म्हणालात की जरा डोळा लागतोय, पाच मिनिटांनी उठव. त्याने पाच मिनिटांनी हाक मारली. बिचारा मला त्याच्या बंगालीत वहिनी म्हणून बौदी म्हणतो, आणि अजून तेच सांगत बसतो, मी अगदी पाच मिनिटांनीच हाक मारली होती बौदी. त्याला वाटतं चार मिनिटांनी मारली असती तर तुम्ही उठला असतात.

तुम्ही गेलात त्याला आज सतरावा दिवस. लोक येऊन गेले. मराठी मंडळातले आले, बँकेतले ह्यांचे जुने मित्र आले, गल्लीतले सगळे आले. सगळे म्हणाले की माणूस कामाचा होता, शब्दाचा होता. मी चहा देत होते आणि मनात म्हणत होते, ह्यांना काय ठाऊक. मला तुमच्याशी जे बोलायचं होतं ते सोळा वर्षं बोलले नाही, आणि तुम्ही असताना बोलले नाही ह्याची आता लाज वाटते. म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, सातवी पासचं. सांभाळून घ्या.

सुरुवातीपासून सांगते, म्हणजे मलाच धीर येईल.

ह्यांची बदली कलकत्त्याला झाली आणि इथेच राहून गेली. तुम्ही मागोमाग आलात, पंपाच्या कंपनीत लागलात, आणि काही वर्षांनी साहेबाशी भांडून बेहालाच्या त्या गल्लीत दहा बाय बाराचं दुकान घेतलंत. मेकॅनिकल सील दुरुस्त करायचं दुकान. मी ह्यांना विचारलं, सील म्हणजे ते लाखेचं, टपालावरचं? हे म्हणाले, मला बँकेतलं विचार. मग तुमचा दुपारचा डबा घेऊन मी स्वतःच बघायला आले.

तुम्ही मला किती छान सांगितलं होतंत. पंपाचा दांडा मोटरकडून येतो आणि पंपाच्या पोटात शिरतो. जिथे शिरतो तिथे भोक. दांडा फिरायला हवा म्हणजे भोक जरा सैल हवं, आणि सैल म्हटलं की पाणी बाहेर येणार. पूर्वी तिथे दोरी ठासून भरायचे, ती थेंब थेंब गळायचीच. सील म्हणजे दोन चकत्या. एक पंपाला घट्ट बसवलेली, दुसरी दांड्याबरोबर फिरणारी, आणि मागून स्प्रिंग तिला पुढे रेटते. दोघींची तोंडं इतकी सपाट की एकमेकींवर घासत फिरतात आणि मधून पाणी जात नाही. "म्हणजे दोन जावा," मी म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "वहिनी, पंपात माणसं घालू नका, जाम होईल."

मग तुम्ही एक झिजलेली चकती माझ्या हातात दिलीत आणि लोखंडी पाटावर घासून बघा म्हणालात. पाटावर चकतीने आठ काढत घासायचं, म्हणजे सगळीकडे सारखं झिजतं. मी मराठी आठ काढायला लागले. तुम्ही पोट धरून हसलात आणि म्हणालात, इंग्रजी, वहिनी, इंग्रजी. पण तासाभराने ती चकती तुम्ही धुऊन, पुसून, काचेखाली ठेवून पिवळ्या दिव्याच्या पेटीत धरलीत. त्या उजेडात काळ्या रेघा दिसतात. रेघा वाकड्या तर तोंड वाकडं, रेघा सरळ तर तोंड सपाट. माझ्या रेघा सरळ होत्या. कुठे शिकलात, असं तुम्ही विचारलंत. कुठे शिकणार? सासूबाईंच्या देवांसाठी सहाणेवर रोज गंध उगाळायचे. तिथे जोर कमी-जास्त झाला तर त्या लगेच बोलायच्या. हाताला ते वळण होतं, एवढंच.

तेव्हापासून दुपारी दोन ते पाच मी तुमच्या बाकावर. सात वर्षं. कॅटलॉगातली इंग्रजी नावं अक्षर अक्षर लावून वाचायला शिकले. कुठली चकती कशाची, कुठलं रबर कशाला चालतं, सगळं वहीत मराठीत लिहून घेतलं. सगळं म्हणजे, एक सोडून. त्या एकाकडेच येतेय.

दुर्गापूजेच्या आधीचे दिवस होते. गावाहून फोन आला की सासूबाईंचं काही खरं नाही, माणसं ओळखेनाशा झाल्या आहेत. हे त्याच दिवशी निघाले. तुमच्या हातात कागदाच्या कारखान्याचं काम होतं, गरम पाण्याच्या पंपाचं सील. ते बसवून तुम्ही दुसऱ्या दिवशीच्या गाडीने जाणार होतात. तुमची घाई बघून मी म्हटलं, चकत्या मी करते, जुळणीही मीच करते, तुम्ही सामान भरा. चकत्या छान झाल्या. आत बसवायच्या काळ्या रबरी रिंगा मात्र मला कडक वाटल्या. आता बाईमाणसाला कडक काही दिसलं की काय आठवणार? वाटीभर खोबरेल तेल घेतलं आणि रिंगा सकाळपासून त्यात बुडवून ठेवल्या. केसांना मुरवतात तसं तेल मुरू दिलं. दुपारी काढल्या तर छान मऊ आणि टपोऱ्या झालेल्या. चढवताना जरा जोर लागला, पण मला वाटलं घट्ट बसलं म्हणजे बरंच.

ते रबर गरम पाण्याचं. पाण्याला, वाफेला दाद देत नाही, पण तेल लागलं की फुगतं. हे मला नंतर कळलं. फुगलेली रिंग दांड्याला आवळून बसली, स्प्रिंग मागून रेटतेय आणि चकती पुढे सरकत नाही. एक दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी, तुम्ही बॅग घेऊन हावड्याला निघायच्या बेतात असताना, फोन आला की पाणी उडतंय, कारखान्याचा अर्धा भाग बंद आहे.

तुम्ही बॅग माझ्या दारात ठेवलीत आणि निमाईला घेऊन गेलात. तिकडे तीन दिवस गेले, मग तिकीट मिळेना. गावी पोचलात तेव्हा आठवडा उलटून गेला होता. ह्यांनी सांगितलं, तुम्ही समोर जाऊन बसलात तेव्हा सासूबाईंनी नीट पदर सारखा केला आणि विचारलं, "मीटर बघायला आलात का? बसा, पाणी देते." ह्यांना त्या शेवटपर्यंत अधूनमधून ओळखत होत्या. तुम्हाला नाही. तुम्ही पाणी प्यायलात, नमस्कार केलात आणि हो म्हणालात, मीटर बघायलाच आलोय.

हे तुम्ही हसत सांगायचात. किती वेळा सांगितलंत, आणि मी प्रत्येक वेळी स्वयंपाकघरात उठून गेले. मला वाटायचं, चार दिवस आधी गेला असतात तर त्यांनी ओळखलं असतं. बाळू म्हणून हाक मारली असती. ते चार दिवस मी खाल्ले.

परत आलात तेव्हा मी विचारलं होतं, काय झालं होतं हो त्या सीलला? तुम्ही म्हणालात, माझीच चूक, घाईत रिंग चुकीची निवडली. रिंग तुम्हीच निवडली होतीत आणि ती बरोबर होती. त्याच आठवड्यात माझी तेलाची वाटी बाकावरून दिसेनाशी झाली आणि तिथे साबणाच्या पाण्याची वाटी आली. रिंग चढवताना नुसतं म्हणायचात, "वहिनी, साबण." तुम्हाला कळलंय की नाही हे मला कधी कळलं नाही. कळलं असेल तर बोलत का नाहीत, आणि कळलं नसेल तर मी कशी सांगू. महिनाभर काढला. मग सांगितलं की मला आता दिसत नाही, मी काही येत नाही बाकावर.

त्यावरून आपलं भांडण सुरू झालं ते तुमच्या शेवटच्या फोनपर्यंत. तुम्ही मला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंत. चष्मा झाला. मग मोतीबिंदूही काढून घेतलात. आता तर सगळं लख्ख दिसायला लागलं, म्हणून मी गुडघे दुखतात म्हटलं. तुम्ही दुकानात माझ्यासाठी उंच खुर्ची करून आणलीत, पायाखाली पाट. मी म्हटलं, आता कशाला, वय झालं. तुम्ही म्हणालात, "सीलला वय विचारायचं नसतं, रेघा बघायच्या असतात. हात चांगला आहे तुमचा, वाया घालवू नका." दर रविवारी भाकरीबरोबर हे एकदा व्हायचंच. त्या शनिवारी फोन ठेवता ठेवताही म्हणालात की बागबाजारच्या दत्तबाबूंचं सील आलंय, चकती घासायला घेतलीय, माझा हात हल्ली थरथरतो, एकदा येऊन बघा ना. मी म्हटलं, आधी जेवायला या, मग बघू.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी निमाई घरी आला. दत्तबाबूंची लाँड्री दोन आठवडे अर्ध्यावर चालली आहे, पण ते दुसरीकडे जायला तयार नाहीत. म्हणतात, त्याने घेतलंय ना, मग त्याच्याच दुकानातून येऊ दे. निमाई जुळणी चोख करतो, पण चकती घासताना त्याचा हात एका बाजूला पडतो, तुम्हीच सांगायचात. तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मी गुडघ्याकडे बघितलं. मग चप्पल घातली.

भाऊजी, तुमच्या बाकावर सगळं तसंच होतं. पाटावर तुमची चकती पालथी, अर्धी घासलेली, त्यावर तुमच्या जुन्या धोतराचा तुकडा. मी तुम्ही करून आणलेल्या उंच खुर्चीवर बसले. तिच्यावर धूळ नव्हती. निमाई म्हणाला, दादा रोज पुसायचे, म्हणून आता मी पुसतो.

दोन तास घासली. पहिल्यांदा काचेखाली ठेवली तर रेघा धनुष्यासारख्या वाकलेल्या. पुन्हा घासली. हाताला आठवत होतं, डोक्यालाच भीती वाटत होती. तिसऱ्या वेळी रेघा सरळ आल्या. मग जुळणी. मी काळी रिंग उचलली आणि निमाईने साबणाच्या पाण्याची वाटी पुढे सरकवली. सरकवता सरकवता अगदी सहज म्हणाला, "बौदी, तेल नहीं. दादा ने बोला था."

मी विचारलं, कधी बोलले होते? म्हणाला, तेव्हाच, कारखान्यात. तुम्ही सील उघडलंत, रिंग काढलीत, नाकाशी धरलीत. मग खिशातल्या रुमालात गुंडाळून ठेवलीत आणि त्याला म्हणालात की हे वहिनींना कधी सांगायचं नाही. त्याने विचारलं, का? तेव्हा तुम्ही म्हणालात, "कळलं तर त्या पुन्हा बाकावर बसणार नाहीत."

बघा काय करून ठेवलंत. मी बसावं म्हणून तुम्ही सांगितलं नाहीत, आणि सांगितलं नाहीत म्हणून मी बसले नाही. इतकी वर्षं तुम्ही खुर्ची पुसत राहिलात आणि मी गुडघे दाखवत राहिले. एक वाक्य कुणीतरी बोलायला हवं होतं. मोठी मी होते, मी बोलायला हवं होतं. तर आता बोलते. तेल मी लावलं होतं, भाऊजी. रिंगा मी फुगवल्या. आईची आणि तुमची भेट माझ्यामुळे चुकली. तुम्हाला माहीत होतं हे खरं, पण ते मी सांगायला हवं होतं.

घरी येऊन जेवताना ह्यांनाही सांगितलं. त्यांचीही आई होती. हे म्हणाले, "त्याने मला सांगितलं नाही ना? मग त्याने जे ठरवलं तेच ठीक." आणि भात कालवायला लागले. हात धुताना मागून विचारलं, साबण कुठला वापरता तुम्ही तिथे? मी म्हटलं, अंगाचाच, किसून. म्हणाले, उद्या मी किसून देतो. बँकेत इतकी वर्षं काढलेला माणूस परवा सकाळी किसणी घेऊन बसला होता.

काल रविवारी निमाईबरोबर बागबाजारला गेले. दत्तबाबू दारातच उभे होते, काठी टेकून. तुमची त्यांची ती जुनी चेष्टा मला ठाऊक होती. तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा ते म्हणाले होते, पूर्वी तुम्हा मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने आमच्या लोकांनी इथे खंदक खणला, आणि आता तुम्हीच आमचं पाणी अडवायला आलात. काल माझ्याकडे बघून ते म्हणाले, "इतने साल आप को कहाँ छुपा के रखा था उसने?" मी म्हटलं, त्याने नाही छुपाया, मैं ही छुपी थी. माझं हिंदी तुम्हाला माहीतच आहे. पण त्यांना समजलं असावं, कारण त्यांनी स्वतः खुर्ची आणून दिली आणि मग चष्मा पुसत बसले.

सील बसलं. निमाई बटणाकडे निघाला तेव्हा माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, आधी पाणी भर, हवा काढ, मग बटण. तुम्ही सांगितलेलं मी विसरले नव्हते. दोन चकत्यांच्या मधे पाण्याचा इतका पातळ पापुद्रा असतो की दिसत नाही, पण त्याच्यावरच त्या फिरतात. कोरडं चालवलं की आवाज होतो, तापतं आणि तडकतं. ह्यावर मला काही सुचत होतं, पण तुम्ही रागावाल म्हणून पंपात माणसं घातली नाहीत.

पंप सुरू झाला. गळतंय का ते बघायला तुम्ही घ्यायचात तसा टीपकागदाचा तुकडा घेऊन मी खाली वाकले. गुडघे खरंच दुखतात हो, ते अगदीच खोटं नव्हतं. कागद सीलच्या खाली धरला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. दत्तबाबू बघतायत, निमाई बघतोय, आणि मी त्या गुलाबी कागदाकडे बघतेय की कुठे डाग गडद होतोय का. झाला नाही. निमाईने कागद हातात घेऊन गालाला लावून बघितला. तुम्ही लावायचात तसा.

मग मला रडू आलं. पंपाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

दुकानाचं काय करायचं ते निमाईने अजून विचारलेलं नाही. पण आज सकाळी फोन करून म्हणाला, बौदी, आणखी दोन चकत्या आल्या आहेत, खुर्ची पुसून ठेवू का? मी म्हटलं, ठेव. दोनला येते.

तो टीपकागद मी जपून ठेवलाय, ह्या वहीतच. पण तुमचा नियम माझ्या लक्षात आहे. पहिल्या दिवसाच्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही, आठव्या दिवशी पुन्हा धरायचा, तोवर सील बसलं असं म्हणायचं नाही. ते कारखान्याचंही पहिला दिवस कोरडंच होतं ना. तर येत्या रविवारी आठवा दिवस आहे. सकाळी दहाला मी बागबाजारला जाणार, आणि परत येऊन भाकऱ्या करणार. पीठ चार भाकऱ्यांचंच आहे, त्याला अजून हात लावलेला नाही. ह्या वेळी कुठल्या दाराला टेकून उभं राहायचं नाही. कागद तुम्ही बघायचा आणि काय असेल ते मला तोंडावर सांगायचं. रविवारी या, भाऊजी. लवकर या, दहा मिनिटं आधी.